नजर माशीवर

परवा रविवारी नात आली. खांद्याला रायफलची लांबलचक पेटी. ती भिंतीला टेकवून ठेवायच्या आधीच तिने काडेपेटीएवढी एक डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आबा, यातली कुठली लावू?"

डबीत धातूच्या छोट्या चकत्या होत्या. प्रत्येकीच्या मधोमध एक कडी आणि कडेला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आकडा. भिंग आणून वाचले. ३.२, ३.४, ३.६ असं करत ४.४ पर्यंत. एअर रायफलच्या नळीच्या टोकाला जी पुढची साइट असते, तिच्यात बसवायच्या या रिंगा. आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

पोरगी आठवीत आहे. वर्षभर पुण्यातल्या एका रेंजवर शिकायला जाते. जावईबापूंनी कुणाची तरी वापरलेली रायफल घेऊन दिली आहे. वापरलेली असली तरी किंमत ऐकून मी दोनदा पाणी प्यायलो! मैत्रिणीने सगळ्यांत लहान रिंग लावली, म्हणून हिलाही तीच लावायची होती. "लहान रिंग म्हणजे नेम बारीक, आमचे सरपण तसंच म्हणतात." मग मला कशाला विचारतेस, असं म्हणणार होतो. पण तिचा चेहरा पाहिला. गेले तीन आठवडे गुण खाली चाललेत आणि सर म्हणतात, लक्ष नाही तुझं.

'लक्ष नाही तुझं.' हे वाक्य मी स्वतः चौतीस वर्षं वर्गात वापरलंय, आणि एकदा तर फार वाईट वापरलंय. त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी थोडी माहिती द्यायला हवी, नाहीतर बंदुकीशी संबंध न आलेल्या वाचकाला काहीच उमजायचं नाही.

बंदुकीच्या टोकावर जो उंचवटा असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. टोकावर माशी बसल्यासारखी दिसते म्हणून असेल. एन.सी.सी.त तिला फोरसाइट म्हणायचं. मागे, डोळ्याच्या बाजूला एक खाच किंवा बारीक भोक असतं, ती बॅकसाइट. मागची साइट, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचं आणि ट्रिगर दाबायचा. दुर्बीण नाही, काच नाही. पुष्कळांना वाटतं की ऑलिंपिकमधले रायफलवाले दुर्बिणीतून बघतात. तसं नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण मिळवलं ते, आणि २०२४ साली पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं तेही, अशाच साध्या साइटवर. रायफलला दुर्बीण लावायला त्या स्पर्धांत परवानगीच नसते.

आता अडचण अशी की डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतो. मागची साइट डोळ्यापासून वीतभर, माशी हातभरापेक्षा थोडी लांब आणि लक्ष्य दहा, पंचवीस, पन्नास मीटरवर. तिन्ही एकदम लख्ख दिसणं शक्य नाही. नवशिका काय करतो? त्याला मारायचं असतं लक्ष्याला, म्हणून तो बघतोही लक्ष्याकडेच. माशी धूसर होते. आणि खरी चूक तिथे होते.

याचा हिशेब मी नातीला त्रैराशिकाने करून दाखवला. (मी मराठी-इतिहासाचा मास्तर, पण त्रैराशिक मला अजून येतं.) तिच्या रायफलवर मागची साइट आणि माशी यांत साधारण ७५ सेंटिमीटर अंतर आहे. त्या रेषेत माशी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर दहा मीटरवर छर्रा तेरा मिलिमीटर सरकतो. दहा मीटरच्या लक्ष्यावर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंत फक्त अडीच मिलिमीटर असतात. म्हणजे दहाचे थेट पाच! उलट माशी स्वच्छ आहे, रिंगेत काळा गोल नीट मधोमध आहे, पण तो गोल धुरकट दिसतोय, तर काय बिघडलं? धुरकट गोलाचाही मध्य मध्येच असतो. म्हणून नजर माशीवर. लक्ष्य अंधुक दिसलं तरी चालेल.

हे सगळ्यांना शिकवतात. माझी तक्रार पुढची आहे. 'माशीकडे बघ' म्हणून मुलाला ओरडायचं, आणि माशी आणि लक्ष्य मात्र अशी जोडी द्यायची की त्याला माशीकडे बघताच येऊ नये, हे आपण सर्रास करतो. माशी आणि लक्ष्य यांचं लग्न लावावं लागतं. दोघांची मापं जुळायला हवीत. ती न जुळवता मुलाचा हात, मुलाची एकाग्रता, मुलाचं वळण यांना दोष देणं हा सरळसरळ अन्याय आहे, आणि तो मी केलेला आहे.

साल १९८७. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी शिक्षक आणि एन.सी.सी.चा अधिकारी होतो. कामठीला ट्रेनिंग घेऊन आलेलो, खांद्यावर फीत, अंगात ताठा. शाळेच्या मुलांना २२ बोअरची रायफल २५ यार्डांवरून, पालथं झोपून चालवायला मिळत असे. वर्षातून मोजून काही गोळ्या. त्यांची मुलं इतकी वाट पाहत की दिवाळीची पाहत नसतील. शिकवायला लष्करातले हवालदार असत, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. नेम धरण्याला त्यांच्या हिंदीत 'शिस्त लेना' म्हणतात. मला तो शब्द फार आवडे. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच. आपण पुढे तिचा अर्थ रांगेत उभं राहणं आणि नखं कापणं असा करून टाकला.

असो. त्या वर्षी शिबिराच्या आधी निवडचाचणी होती आणि उस्ताद रजेवर गावी गेलेले. छापील टारगेट संपली होती. मी म्हटलं, त्यात काय, आपण बनवू. ड्रॉइंगच्या कागदावर रुपयाचं नाणं ठेवून गोल काढले आणि काळ्या शाईने भरले. छापील टारगेटवरचा काळा साधारण तीन इंचांचा होता, माझा एक इंचाचा. तो मी मुद्दामच लहान केला होता. लहान गोलावर सराव केला की मोठ्यावर सोपं जाईल, हा मास्तरी हिशेब. अवघड गणितं घातली की सोपी आपोआप येतात, तसं.

नववीतला एक मुलगा होता. शेतकऱ्याचा, अबोल. पालथा पडला की दगडासारखा स्थिर. आदल्या वर्षी त्याच्या पाच गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या जात. त्या दिवशी मात्र पाचही गोळ्या काळ्याच्या वर, आणि डावी-उजवीकडे फाकलेल्या. पुन्हा पाच दिल्या. पुन्हा तेच. मी सगळ्या कॅडेटांसमोर त्याला म्हणालो, "ट्रिगर झटकतोस. लक्ष नाही. शिस्त नाही तुझ्या अंगात." आणि यादीतून नाव काढलं. त्याने मान खाली घातली, रायफल दोन्ही हातांनी परत दिली, आणि दुसऱ्या आठवड्यापासून परेडला येणं बंद केलं.

चार दिवसांनी उस्ताद परतले. भिंतीला लावलेली माझी टारगेट त्यांनी पाहिली, मग रेंजवर जाऊन स्वतः पालथे झाले, रायफल खांद्याला लावली आणि न उडवताच उठले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साबजी, आपका काला तो फोरसाइट के पीछे छुप गया."

मला कळेचना. मग त्यांनी जमिनीवर काडीने आखून दाखवलं. आमच्या रायफलीवरची माशी म्हणजे एक उभी पट्टी, दीडेक मिलिमीटर रुंद. डोळ्यापासून ती नव्वद सेंटिमीटरवर. तर २५ यार्डांवर ती किती रुंदी झाकणार? सुमारे दीड इंच. माझा काळा एक इंचाचा! म्हणजे माशी काळ्याच्या मध्यावर आणली तर काळा पुरताच गायब. आणि तळाशी धरली, तर रुंद खांबावर मोहरीचा दाणा ठेवल्यासारखं. तो दाणा खांबाच्या मधोमध आहे की कडेला, हे डोळ्याला ठरवता येत नाही. म्हणून गोळ्या आडव्या फाकल्या. शिवाय दाणा सापडेना म्हणून मुलगा नजर माशीवरून काढून लांब फेकणार, हे ओघानेच आलं.

आणि वर का गेल्या? इथे तर मला माझीच लाज वाटली. उभ्या पट्टीची माशी काळ्याच्या मध्यावर धरत नाहीत, कारण काळ्यावर काळं दिसत नाही. ती काळ्याच्या खाली, घड्याळात सहा असतात त्या जागी धरतात, आणि साइट अशी लावून ठेवतात की गोळी धरलेल्या जागेच्या वर, बरोबर मध्यावर जावी. आमच्या रायफली तीन इंची काळ्यासाठी लावलेल्या. म्हणजे गोळी धरलेल्या जागेच्या दीड इंच वर जाणार. माझ्या एक इंची गोलाचा मध्य खालच्या कडेपासून अर्ध्या इंचावर. मग गोळी मध्याच्या इंचभर वर जाणार नाही तर कुठे जाणार? मुलगा शिकवल्याप्रमाणे बरोबर तळाशी धरत होता. जितका शिस्तीत धरत होता तितक्या इमानाने गोळी वर जात होती.

उस्ताद आणखी एक वाक्य बोलले ते कायमचं लक्षात राहिलं. ट्रिगर झटकला तर उजव्या हाताच्या माणसाची गोळी बहुतेक खाली उजवीकडे जाते, वर जात नाही. म्हणजे भोकं माझ्यासमोर खरं सांगत होती आणि मला ती वाचता येत नव्हती.

मी काय केलं? दुसऱ्या दिवशी तीन इंचांचे गोल काढले. बाकीच्या मुलांचे गठ्ठे एकदम आवळले. संघ शिबिराला गेला. त्या मुलाच्या घरी मात्र मी गेलो नाही. जायला हवं होतं. सायकलवरून वीस मिनिटांची वाट. पण चारचौघांसमोर जे बोललो ते चारचौघांसमोर मागे घ्यावं लागलं असतं, आणि तेवढा मोठेपणा तेव्हा माझ्यात नव्हता. बाकी कारणं मी पुष्कळ शोधली होती, ती इथे लिहीत नाही.

आता नातीच्या रिंगांकडे येतो. तिच्या रायफलवर पट्टी नाही, कडी आहे. काळा गोल आणि त्याभोवती कडी. गोलाभोवती गोल बसवणं डोळ्याला उपजतच जमतं. चहाचा कप बशीच्या मध्यावर आहे की नाही हे सांगायला फूटपट्टी लागत नाही. पण त्यासाठी कप आणि बशी यांच्यामध्ये मोकळी जागा दिसायला हवी. तसंच इथे. काळ्याच्या आणि कडीच्या मध्ये पांढऱ्याचं एक कडं दिसतं, ते सगळीकडून सारखं आहे की नाही एवढंच बघायचं.

पुन्हा त्रैराशिक. दहा मीटरच्या लक्ष्यावरचा काळा ३०.५ मिलिमीटरचा. माशी डोळ्यापासून साधारण ८५ सेंटिमीटरवर. म्हणजे माशीच्या ठिकाणी तो काळा अडीच मिलिमीटरचा भासतो. कडीचं भोक ३.२ घेतलं तर भोवती पांढरं उरतं जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. आणि तेरा वर्षांची मुलगी, चार-पाच किलोची रायफल, उभं राहून. नळी डुलणारच. श्वासाबरोबर डुलते, नाडीबरोबर डुलते. प्रत्येक डुलण्याला काळा कडीला जाऊन चिकटतो. मुलीला वाटतं, गेलं, चुकलं. मग ती वाट बघते, आणि काळा क्षणभर मध्ये आला की झडप घालून ट्रिगर ओढते. झडप घातली की गुण गेले. म्हणजे रिंग लहान केल्याने हात स्थिर होत नाही. हात जितका हलतो तितकाच हलतो, फक्त त्याची भीती वाढते.

४.२ घेतली तर पांढरं भरपूर. डुललं तरी काळा कडीला लागत नाही, मन शांत राहतं, ट्रिगर सावकाश दाबला जातो. "पण आबा, एवढ्या मोठ्या भोकात काळा मध्ये आहे हे नक्की कसं कळणार?" बरोबर शंका आहे. फार मोठं घेतलं तर ढिलेपणा येतोच. माझं मत असं, की काळ्याच्या दीडपटीपासून सुरुवात करावी, थोडी जास्तच ठेवावी, आणि हात जसजसा स्थिर होईल तसतसं हवं तर एकेक पायरी खाली यावं. खालून वर जाऊ नये. आणि स्थिर हाताचे कित्येक नेमबाजसुद्धा मोठीच रिंग ठेवतात, त्यात कमीपणा काही नाही. २०१३ पासून एअर रायफलमध्ये दशांशात गुण मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. त्यामुळे बारीक, बारीक, आणखी बारीक असं एक वेड शिरलंय. दशांश छर्ऱ्याच्या जागेचे मिळतात, रिंगेच्या आकाराचे मिळत नाहीत.

कडीची जाडीही बघावी. फार पातळ कडी भर उजेडात विरघळून जाते. मग डोळा तिला सोडून लक्ष्याकडे पळतो. पुढे ५० मीटरला गेली तर सगळं पुन्हा मोजावं लागेल, हेही सांगून ठेवलं. तिथला काळा ११२.४ मिलिमीटरचा. अंतर पाचपट, पण काळा पावणेचारपटीपेक्षाही थोडा कमीच मोठा. म्हणजे डोळ्याला तो लहानच दिसणार.

लक्ष्याच्या कागदाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. कागद चकचकीत नको. झेरॉक्स काढलेल्या टारगेटवरचा काळा पुष्कळदा चमकतो, करडा येतो, आणि मापही किंचित बदलतं. एकदा फूटपट्टी लावून बघा. साध्या वहीच्या कागदावर छर्रा फाटका खड्डा पाडतो आणि भोक कुठे संपलं यावर भांडणं होतात. जाडसर, मंद पांढरा पुठ्ठा घ्यावा. उजेड लक्ष्यावर हवा, नेमबाजाच्या डोळ्यांवर नको. कडक उन्हात पांढरं काळ्यावर चढतं, काळा आकसल्यासारखा दिसतो, त्याची खालची कड वर सरकते, आणि खाली धरणाऱ्याच्या गोळ्या वर जातात. आमचे उस्ताद उन्हाच्या दिवशी माशीला घासलेटच्या चिमणीची काजळी धरत, कारण पट्टीची एक बाजू चमकली की ती पट्टी डोळ्याला सरकलेली वाटते. काजळी धरायला मुलांत मारामारी होई. आणि एक डोळा मिचकावून नेम धरू नये. उघडा डोळाही त्याने आवळला जातो. न लागणाऱ्या डोळ्यापुढे पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी लावावी, दोन्ही डोळे उघडे ठेवावेत.

म्हाताऱ्यांसाठी एक परिच्छेद, तरुणांनी वगळला तरी चालेल. २०२१ साली माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लांबचं दिसावं अशी भिंगं बसवली. नातीच्या रेंजवर एकदा रायफल टेकूवर ठेवून बघायला मिळाली. लक्ष्य लख्ख, आणि माशी? माशी म्हणजे धुकं. प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून बघितलं तर मान वाकडी केली की नंबरच बदलतो! मग चष्मेवाल्याकडून एकाच नंबरचा साधा चष्मा करून घेतला, लांबच्या नंबरात अधिक अर्धा घालून. वाचायचा नंबर लावला तर लक्ष्यच नाहीसं होतं. अर्ध्याने माशी पुष्कळ स्वच्छ होते आणि लक्ष्य जितकं हवं तितकंच धूसर राहतं. मागचं बारीक भोकही मदत करतं. सुईच्या भोकातून पाहिलं की चष्म्याशिवायही अक्षरं लागतात, तेच तत्त्व.

तो मुलगा मला पुन्हा भेटला. २०१८ मध्ये गावच्या यात्रेला गेलो होतो. बाजारपेठेत त्याचं बी-बियाणं, खतं, औषधांचं दुकान आहे, चांगलं चालतं. मला पाहून गल्ल्यावरून उठून आला, पाया पडला, चहा मागवला. मुलाचा विषय निघाला. मुलगा कॉलेजात आहे, एन.सी.सी. घेतली आहे. म्हणाला, "त्याला सांगून ठेवलंय सर, परेड कर, कॅम्पला जा, पण रायफलीच्या नादाला लागू नको. आमच्या हातात नेम नाही. तुम्हीच सांगितलं होतंत मला." आणि हसला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एकतीस वर्षं त्याने ते खरं धरलं होतं, आणि आता पुढच्या पिढीला देऊन टाकलं होतं.

मी त्याच्याच बिलबुकातला एक कागद मागून घेतला आणि पाठीमागे आकृती काढली. पट्टी, एक इंची गोल, तीन इंची गोल. उस्तादांनी काडीने काढलेली तीच. त्याने ती बराच वेळ पाहिली. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, त्याला थांबायची खूण केली.

"म्हणजे सर, तो माझा हात नव्हता?"

"नव्हता. माझं टारगेट होतं."

तो गप्प. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "तेव्हाच सांगायचं होतंत." आणि गिऱ्हाईकाकडे वळला. चहा आला, तो आम्ही दोघांनी घेतला. निघताना त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला, पण मला त्याच्या डोळ्यांकडे नीट बघवलं नाही.

म्हणून परवा नातीला 'सर सांगतात तसं कर' असं सांगून मी मोकळा झालो नाही. तिला म्हटलं, "घरी सराव कसा करतेस ते दाखव आधी." छर्रे न घालता, रिकाम्या रायफलने नेम धरायचा हा सराव रोज पंधरा मिनिटं करायला सांगितलाय. तिने रायफल रिकामी असल्याची खात्री करून मला दाखवली (हे बरं शिकवलंय), भिंतीवर टारगेट चिकटवलं आणि दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. मोजलं, बरोबर पाच मीटर. आणि टारगेट रेंजवरचंच, दहा मीटरचं!

"काळा रिंगेत मावतो का गं?"

"नाही ना आबा, तेच तर! सगळं काळंच दिसतं. घरी मावत नाही आणि रेंजवर गेलं की चिकटतो."

निम्म्या अंतरावर काळा दुप्पट दिसणार, माशीपाशी पाच मिलिमीटर. तिच्या डबीतल्या सगळ्यांत मोठ्या रिंगेतही तो बसायचा नाही. तीन आठवडे ही पोर रोज पंधरा मिनिटं, न दिसणारं पांढरं शोधत भिंतीपुढे उभी राहत होती. आणि लक्ष नाही म्हणे!

कंपास शोधला. शाळेतला पितळी, अजून आहे. पाच मीटरला निम्मा काळा हवा, सव्वापंधरा मिलिमीटर. पाढे पाठ करावेत तसं तिने दोनदा म्हणून बघितलं. पहिला गोल थोडा मोठा झाला, तो टाकला. दुसरा बरोबर आला. शाईने तिनेच भरला, कडेला न सांडता. रिंग ४.२ ची लावली. भिंतीवर गोल चिकटवून ती पुन्हा उभी राहिली, गाल लाकडाला टेकवला, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"दिसतंय का काही?"

"थांबा हो आबा... हो. सगळीकडून पांढरं दिसतंय."

येत्या रविवारी तिच्याबरोबर रेंजवर जाणार आहे. तिच्या सरांना भेटायचं आहे, जमलं तर बाजूला घेऊन. त्रैराशिकाचा कागद शर्टाच्या खिशात ठेवलाय.